एका पिशवीतली दोन कार्डं

निपाणी
९ जून २०२४

चि. मैत्रेयी,

तुला आशीर्वाद, आणि तुमच्या येलहंक्याच्या विमानांना नमस्कार. मागच्या खेपेस तू फोनवर बोलत होतीस आणि मला नुसती विमानंच ऐकू आली. म्हणून हे पत्र. शिवाय आमच्या घराच्या भिंती तुला ठाऊक आहेत. मी मोबाइल कानाला लावला, की जाऊबाईंना नेमकी त्याच खोलीत भाजी निवडायची आठवण होते.

काम असं आहे. आमच्या बचत गटात मथुरा म्हणून आहे. तू लहानपणी पाहिली असशील, माझ्या शेजारच्या मशीनवर साड्यांना फॉल लावायची. तिला तो आजार आहे, ज्यावर तू काम करतेस. घरात तू सगळ्यांना 'रक्तावर संशोधन' एवढंच सांगतेस, पण कसलं रक्त ते मी गेल्या दिवाळीत तुझ्याकडून काढून घेतलं होतं, आठवतं? तर मथुरेचा नवरा त्यानेच गेला. ती बरीच वर्षं गोळ्या घेते आहे आणि चांगली ठणठणीत आहे. आता तिला एक स्थळ आलंय. बेळगावला अशा लोकांचा मेळावा होता, तिथे ओळख झाली. गृहस्थ पन्नाशीचे, विधुर, त्यांनाही तेच. मूळचे खानापूरचे, बेंगळुरात मल्लेश्वरमला पुस्तकबांधणीचं दुकान आहे.

मथुरेला वाटलं, दोघांनाही आहे म्हणजे भीती कसली? पण दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "तसं नसतं बाई. त्यांचा विषाणू वेगळा, तुमचा वेगळा. दोन एकत्र आले तर मिसळून तिसराच होतो." झालं! तिने गृहस्थांना महिनाभर थांबायला सांगितलंय. तू त्यातली माहीतगार. खरं काय ते लिही. तिचं सगळं त्यावर अडलंय.

आईला बोलू नकोस. पोरीबाळींची अब्रू असते तशी बायाबापड्यांचीही असते.

तुझी,
सुनंदाआत्या


येलहंका, बेंगळुरू
१८ जून २०२४

प्रिय आत्या,

तू विचारलंस तो प्रश्न म्हणजे माझ्या पीएच.डी.चा अख्खा विषय! वीणा मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, इथल्या जुन्या मराठी घरातल्या आहेत आणि अर्धं कन्नडमध्ये बोलतात. त्या म्हणाल्या, "तुझी आत्या हुशार आहे हं. तिला स्वल्प नीट समजावून लिही."

तर ऐक. हा विषाणू कणाएवढाही नाही, पण प्रत्येकात स्वतःच्या जन्मकुंडलीच्या दोन प्रती असतात. तो आपल्या पेशीत शिरला, की त्याचा कारकून त्या कुंडलीची नक्कल करायला बसतो. हा कारकून अत्यंत चंचल. एका प्रतीवरून चार ओळी उतरवतो, मग उडी मारून दुसऱ्या प्रतीवरून पुढच्या ओळी उतरवतो. दोन्ही प्रती सारख्या असतील तर काही बिघडत नाही. पण दोन वेगवेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले, तर पुढच्या पिढीत एक प्रत ह्याची आणि एक त्याची असा कण तयार होतो. मग कारकुनाच्या उड्यांमधून अर्धा हा, अर्धा तो असा नवाच विषाणू निघतो. एकाने एका औषधाला चकवायचं शिकलेलं असतं, दुसऱ्याने दुसऱ्याला. मिसळलेल्याला दोन्ही येतं. एकेक चूक करत जे शिकायला त्याला वर्षं लागली असती, ते तो एका उडीत शिकतो. जगात कितीतरी ठिकाणी असे मिश्र विषाणू पसरलेत.

आणि गंमत म्हणजे (तू कोणाला सांगणार नाहीस म्हणून लिहिते) मला तसा एक सापडलाय! आमच्याकडे रक्ताचे वाळवलेले थेंब जाड कागदाच्या कार्डावर येतात. नाव नसतं, फक्त नंबर. एका जोडप्याची कार्डं आली. दोघांनाही लग्नाआधीपासूनच लागण होती, लग्नाला सहा वर्षं झालीत. बाईच्या कार्डात तिचा विषाणू आहे, नवऱ्याचा आहे, आणि दोघांचा मिसळलेलाही आहे. माझ्या प्रबंधाचा चौथा अध्याय यावरच होणार. मी आठवडाभर हवेत आहे.

तेव्हा मथुराबाईंना सांग, सिस्टर बरोबर बोलली. लांब राहिलेलंच बरं. इतकी वर्षं ठणठणीत काढलीत, आता या वयात कशाला हा उपद्व्याप?

तुझी,
मैत्रेयी


निपाणी
२९ जून २०२४

चि. मैत्रेयी,

तुझं पत्र पोचलं. अक्षर सुधारलंय.

मथुरेला सांगितलं. तिने त्या गृहस्थांना नको म्हणून कळवून टाकलं. त्यांनी तिला हिशेबाची म्हणून एक वही बांधून दिली होती, कापडी पुठ्ठ्याची, कोपरे कातड्याचे. तीही परत पाठवली. वापरलेली नव्हती.

पोस्टाने मेतकूट पाठवलंय. तुझा अध्याय चांगला होवो.

आत्या


येलहंका
२१ जुलै २०२४

आत्या,

तुझं मेतकूट पोचलं, पण डबा अजून उघडलेला नाही. काय झालं ते ओळीने सांगते.

मी वीणा मॅडमना माझा निकाल पुन्हा दाखवायला गेले. मला वाटलं शाबासकी मिळेल. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि एकच विचारलं, "ही दोन कार्डं वेगवेगळी वाळली होती का?" ते मी तपासलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग हा निकाल अजून निकाल नाही. ताजं रक्त मागव." म्हणजे मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते, आणि त्या पिवळेपणात एका बाईचं लग्न मोडून बसले होते.

मला फार अपराधी वाटलं. मथुराबाईंना आपणच पत्र लिहावं म्हणून आईला फोन करून त्यांचा पत्ता विचारला. कशासाठी ते सांगितलं नाही. आई म्हणाली, "मैत्रेयी, बरी आहेस ना? मथुरा जाऊन तीन वर्षं झाली."

आत्या! मेलेल्या बाईला स्थळ आणलंस?

मी आधी हसले. मग तुझं दुसरं पत्र काढून पुन्हा वाचलं. कापडी पुठ्ठा, कातड्याचे कोपरे. दुसऱ्याची वही कोणी इतकी बघत नाही. मग मला हसू आलं नाही.

चौदा वर्षांपूर्वी काका टीबीने गेले असं आम्हाला सांगितलं होतं. मी रोज हाच आजार बघते, नंबर वाचते, तक्ते काढते, आणि माझी स्वतःची आत्या चौदा वर्षं एकटी हे ओढत होती आणि मला दिसलं नाही. आणि जेव्हा तू विचारलंस, तेव्हा मी 'या वयात कशाला उपद्व्याप' असं लिहिलं. मला लाज वाटते. मला माफ कर.

आणि एक. मी तुला अर्धंच लिहिलं होतं, आणि जे सोडलं तेच महत्त्वाचं. तो उड्या मारणारा कारकून आठव. मिसळायचं असेल तर आधी त्याला नक्कल करायला बसावं लागतं, आणि तुमच्या गोळ्या त्याचा हातच धरतात. रक्तात विषाणू सापडत नाही इतका खाली दाबलेला असेल, तर तो जोडीदाराकडे जातच नाही. गेलाच नाही तर मिसळणार काय? हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. मला माझ्या अध्यायाची घाई होती.

तुझा व्हायरल लोडचा रिपोर्ट काय म्हणतो? आणि त्यांचा?

मैत्रेयी


निपाणी
२ ऑगस्ट २०२४

मैत्रेयी,

पकडलंस. बरं झालं, मलाही खोटं पेलवत नव्हतं.

मथुरेचं नाव का घेतलं सांगते. जिवंत बाईचं घेतलं असतं तर तिच्यावर नसता बट्टा. मेलेल्या माणसाला कोण काय म्हणणार? आणि मथुरा असती तर स्वतःच म्हणाली असती, घाल माझ्या नावावर, मला आता कोण बघायला येतंय! फक्त तुझ्या आईची आठवण एवढी पक्की असेल हे लक्षात आलं नाही.

तुझे काका प्रतापराव गेले, त्यानंतर महिन्याभरात माझी तपासणी झाली. मी त्यांच्यावर रागावले, मग रागावणं सोडलं, त्यांना माहीत नव्हतं असं मी ठरवून टाकलं. गोळ्या मशीनच्या बॉबिनच्या डब्यात, रिळांच्या खाली असतात. रात्री आठ वाजता मालिका लागते, सगळे तिकडे बघतात, तेव्हा मी दोरा शोधायला उठते. इतक्या वर्षांत चुकवली नाही. माझा रिपोर्ट दरवर्षी एकच, 'सापडला नाही'. तेवढं इंग्रजी मला आता पाठ आहे.

त्यांचं नाव योगीराज. फार बोलत नाहीत. मेळाव्यात बाकीचे आपापली दुःखं सांगत होते आणि हे माझ्या पिशवीची उसवलेली शिवण बघत होते. म्हणाले, "ही बखियाने शिवली असती तर टिकली असती." मी म्हटलं, "मला शिकवू नका, माझा धंदा आहे." तिथून सुरुवात. दुसऱ्या भेटीत मी माझा रिपोर्ट दाखवला. आमच्यासारख्यांची पत्रिका म्हणजे हीच, तिथे गुण बघायचे ते असे. ते म्हणाले, "माझी यंदाची तपासणी जुलैत आहे, आल्यावर दाखवतो. गेल्या वर्षीची दाखवून तुम्हाला भुलवणार नाही." आणि जुलै यायच्या आत मी नको म्हणून बसले.

तू 'उपद्व्याप' लिहिलंस ते लागलं, खोटं कशाला बोलू. ते वाक्य मी अकरा वेळा वाचलं. तुझ्यावर राग नाही, कारण मी मथुरेबद्दल विचारलं होतं आणि तू मथुरेबद्दलच लिहिलंस. माझ्याबद्दल विचारायची हिंमत मला झाली नाही, ती माझी चूक.

पण आता मला समजूत घालू नकोस. गोळ्या कारकुनाचा हात धरतात, वाचलं, पटलं. पण तुझ्या कार्डावरची ती बाई? तिनेही गोळ्या घेतल्याच असतील ना? मग तिच्यात कसं मिसळलं? मला लग्न हवंय, मैत्रेयी. स्पष्टच लिहिते, हवंय. पण चौदा वर्षं जे जपलं ते एका वर्षात घालवून त्यांच्या दारात आजारी पडायला मला जायचं नाही. दुधाने तोंड पोळलंय माझं. त्या बाईचं काय झालं ते आधी कळव. जे असेल ते. त्यावर मी ठरवीन.

आत्या


येलहंका
८ सप्टेंबर २०२४

लाडक्या आत्या,

आधी निकाल, मग बाकीचं. तिच्यात काहीही मिसळलेलं नाही. काहीही नाही!

आता सांगते कसं. ती कार्डं जिथून आली, त्या केंद्रावर मॅडमनी फोन केला. तिथे रक्ताचे थेंब घेणाऱ्या बाई आहेत, वीस वर्षांचा अनुभव, अतिशय प्रेमळ. कार्डं तीन-चार तास उघडी वाळवायची आणि प्रत्येक कार्ड वेगळ्या पिशवीत घालायचं, असा नियम आहे. बाई म्हणाल्या, "बाकी सगळ्यांची वेगळीच घालते, मॅडम. पण ही नवरा-बायको होती. जोडीने आली, जोडीने गेली. त्यांची कार्डं वेगळी कशाला करायची? एकाच पिशवीत, एकमेकांवर ठेवली." आणि तीही ओलसर असताना, कारण जोडप्याला बस गाठायची होती! नवऱ्याचं रक्त बायकोच्या कार्डाला लागलं. आत्या, मॅडम फोन ठेवून दहा मिनिटं हसत होत्या. मग गंभीर होऊन सगळ्या केंद्रांना नियम पुन्हा लिहून पाठवला.

पण मिसळलेला तिसरा विषाणू कुठून आला, हे तू विचारशीलच. तो माझ्या यंत्रात तयार झाला. रक्तातला विषाणू वाचायचा तर आम्हीही आधी त्याच्या भरमसाट नकला काढतो. आमचा नक्कल करणारा कारकूनही तसाच चंचल निघाला. एका नळीत दोघांचे तुकडे होते, अर्धी नक्कल ह्याची झाली ती त्याच्यावर जाऊन चिकटली. मिसळणं शरीरात नाही, माझ्या टेबलावर झालं. ज्याच्यावर मी अध्याय लिहिणार होते, तो मीच जन्माला घातला होता.

या वेळी दोघांचं ताजं रक्त वेगवेगळं आलं. पेशींत दडून बसलेला जुना विषाणू आम्ही वाचला, आणि एका नळीत एकच प्रत राहील इतकं पातळ करून वाचला, म्हणजे चिकटायला दुसरी नाहीच. बाईच्या सगळ्या नळ्यांत फक्त बाईचा. नवऱ्याच्या सगळ्या नळ्यांत फक्त नवऱ्याचा. सहा वर्षं एका ताटातलं खाल्लं, एका छपराखाली राहिले, दोघांनी गोळ्या वेळेवर घेतल्या, आणि दोघांचे विषाणू जिथल्या तिथे, कुलपात. शेवटची नळी वाचून झाली आणि मी तिथेच स्टुलावर बसून रडले. माझा चौथा अध्याय गेला आणि मला इतकं हलकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र लपवणार नाही, पुन्हा अर्धं लिहिण्याची हौस फिटलीय. सिस्टर खोटं बोलली नव्हती. गोळ्या सुटल्या, विषाणू वर आला, तर मिसळण्याची भीती खरी आहे. हे एका जोडप्याचं उदाहरण आहे, साऱ्या जगाचं नाही. म्हणून दोघांनी दरवर्षी तपासायचं, आणि डॉक्टर सांगतील ती काळजी घ्यायची. पण ती तर तू घेतेसच, बॉबिनच्या डब्यातून.

आता रागावू नकोस. परवा मी मल्लेश्वरमला गेले होते. प्रबंधाचा कच्चा खर्डा बांधून घ्यायचा होता, आणि बेंगळुरात बांधणीची दुकानं शेकड्याने आहेत हे मला माहीत आहे. ऑटोवाल्याने "स्वल्प मुंदे", म्हणजे थोडं पुढे, करत करत तीन गल्ल्या फिरवल्या. दुकान एवढंसं, खळीचा वास, कोपऱ्यात दाबयंत्र. योगीराज पानं चाळत म्हणाले, "अक्का, मधली चाळीस पानं कुठं आहेत?"

मी म्हटलं, "काढली. चुकीची होती."

"सरी. मग बांधायला सोपं."

मग माझ्याच्याने राहवेना. सांगितलं, मी निपाणीच्या सुनंदाबाईंची भाची. त्यांनी हात पुसले, खण उघडला, आणि एक पाकीट काढलं. वर तुझा पत्ता, तिकीटही लावलेलं. आत त्यांचा जुलैचा रिपोर्ट.

"टाकलं का नाही?" मी विचारलं.

"त्या नको म्हणाल्या होत्या. नको म्हटल्यावर पाठवायचं म्हणजे गळ घातल्यासारखं होतंय. बरं दिसत न्हाई."

"मग तिकीट कशाला लावलं?"

यावर ते पहिल्यांदा हसले. "ते आधीच लावलेलं. जूनमधी."

मी म्हटलं, मी पाठवते, मला गळ घालायची सवय आहे. ते म्हणाले, "पाठवा. पण त्यांना सांगा, उत्तराची घाई न्हाई." पाकीट सोबत आहे. मी उघडून पाहिलेलं नाही. तुझी पत्रिका, तूच बघ.

तुझी,
मैत्रेयी


निपाणी
१७ सप्टेंबर २०२४

चि. मैत्रेयी,

तुझं पत्र उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. त्या कार्डवाल्या बाईंना माझा दंडवत सांग. नवरा-बायकोला वेगळं कशाला करायचं म्हणणारी माणसं मला आवडतात, भले त्यांनी माझे तीन महिने खाल्ले असोत.

पाकीट उघडलं. दोन रिपोर्ट मशीनवर शेजारी शेजारी मांडले, माझा आणि त्यांचा. दोन्हींत 'सापडला नाही'चे तेच तीन इंग्रजी शब्द. छत्तीस गुण म्हणतात ते हेच असणार.

मी त्यांना कार्ड टाकलंय. उघडं पोस्टकार्ड, मुद्दाम. लिहिलं की वही परत पाठवा, मला वापरायची आहे. पोस्टमनने वाचलं तर वाचलं.

लग्न नोंदणीने करायचं म्हणतेय, बेंगळुरातच. साक्षीदार तीन लागतात. एक तू. दुसऱ्या तुझ्या वीणा मॅडम येतील का विचार, त्यांनी तो एक प्रश्न विचारला नसता तर मी जन्मभर मथुराच राहिले असते. तिसरा कोण, ते मला कालपर्यंत माहीत नव्हतं. ते आता सांगते.

काल रात्री आठ वाजता मालिका लागली. मी दोरा शोधायला उठले नाही. बॉबिनचा डबा तिथेच, सगळ्यांसमोर उघडला, गोळी काढली. जाऊबाईंनी बघितलं. "कसली गं?" म्हणाल्या. मी सांगितलं. आजाराचं नाव घेऊन सांगितलं, प्रतापरावांचं सांगितलं, योगीराजांचंही सांगितलं. एका दमात. भाऊजींनी टीव्ही बंद केला. मला वाटलं, आता घर डोक्यावर कोसळतंय.

जाऊबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात पाण्याचा पेला होता.

"चौदा वर्षं कोरडी गिळत होतीस काय?" म्हणाल्या.

तिसऱ्या साक्षीदार त्याच.

तुझी,
सुनंदाआत्या